हे सोफेवाले, कामाला आलेत

दूध उतू जायच्या बेतात होतं आणि पुढच्या खोलीत तीन माणसांचा एक सोफा पाय वर करून उताणा पडला होता. त्या घरातली ही रोजचीच सकाळ. कधी सोफा, कधी दवाखान्यातला बाक, कधी कुणाच्या आजोबांची आरामखुर्ची. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत धंदा, मागच्या खोलीत संसार, मध्ये पडदा. पडद्याचा रंग दोन-चार वर्षांनी बदलायचा, कारण तो कुठल्यातरी गिऱ्हाइकाच्या सोफ्यातून उरलेला तुकडा असायचा. सध्याचा एका वकिलाच्या बैठकीतला होता, गडद हिरवा, भारदस्त, आणि घरातली मुलगी त्याला 'साहेब' म्हणायची. "साहेब, जरा सरका," म्हणत ती तो बाजूला करून पुढे यायची.

तिचे वडील जमिनीवर मांडी ठोकून बसले होते. गल्लीत त्यांना सगळे सोफेवालेच म्हणत. मांडीशी काथ्याचा ढीग, गळ्यात मापाची फीत, आणि तोंडात बारीक खिळे. ही त्या धंद्यातली जुनी रीत. चिमूटभर खिळे गालात ठेवायचे, जिभेने एकेक फिरवून डोक्याकडून ओठांवर आणायचा, हातोडीचं चुंबकाचं टोक ओठांशी नेऊन उचलायचा आणि ठक्. म्हणजे एक हात कापड ताणायला मोकळा राहतो. हल्ली सगळ्यांनी पिना मारायचं मशीन घेतलंय. सोफेवाल्यांनीही घेतलं होतं, ते फळीवर पिशवीत गुंडाळून ठेवलेलं होतं. लोक म्हणायचे, जुन्या वळणाचा माणूस आहे, हातकाम सोडत नाही. खरं कारण त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. ज्याच्या तोंडात खिळे असतात, त्याला कुणी काही विचारत नाही.

सोफेवाल्यांचं बोलणं अडायचं. शब्द ठाऊक नसायचा असं नाही. शब्द दाराशी येऊन उभा असायचा, कडी तेवढी निघायची नाही. मग मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे, ओठ थरथरत राहायचे. समोरचा आधी हसायचा, मग दया करायचा, मग घड्याळ बघायचा. नवल असं की हीच जीभ गालातल्या काळोखात खिळा चाचपून, उलटा असेल तर सुलटा करून, अचूक बाहेर काढून द्यायची. एकही खिळा कधी टोचला नाही. बोलायच्या वेळी मात्र टाळूला जाऊन चिकटायची ती चिकटायचीच.

म्हणून या घराचं तोंड म्हणजे त्यांची बायको. लग्न होऊन आली तेव्हापासून नवऱ्याचं अर्धं वाक्य आलं की उरलेलं अर्धं ती पुरं करायची. कापडवाल्याकडे, घरमालकाकडे, दवाखान्यात. पुढे पुढे अर्ध्याचीही गरज उरली नाही. ते मान वर करायच्या आत ती म्हणायची, "पाणी हवंय ना?" आणि हवं नसलं तरी ते पाणी पीत. सांगत बसण्यापेक्षा पिऊन टाकणं सोपं. बायका तिला म्हणायच्या, तू आहेस म्हणून त्यांचं निभावलं. तिला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोला.

मुलगी झाली तेव्हा नावही तिनेच ठेवलं. छान, वजनदार, चार अक्षरी. दवाखान्यात नोंदवून झालं आणि मग तिच्या ध्यानात आलं, की नवऱ्याची जीभ ज्या अक्षरापाशी हटकून अडते, नेमकं त्याच अक्षराने पोरीचं नाव सुरू होतंय. सोफेवाले काही म्हणाले नाहीत. त्यांनी पोरीला 'माऊ' म्हणायला सुरुवात केली. ओठ मिटून म्हणायचा 'म' त्यांना बरा जमायचा. मग सगळेच माऊ म्हणायला लागले, आणि आईने ती गोष्ट मनाच्या तळाशी ढकलून वर झाकण ठेवलं.

तर त्या सकाळी माऊ मागे न्हाणीघरात केस धूत होती, दूध वर येत होतं, आणि दार वाजलं.

दार वाजलं की त्या घरात काय होतं हे ठरलेलं होतं. सोफेवाले खाली मान घालून ठोकाठोक जरा जोरात करत, आणि दार माऊची आई उघडे. तिने गॅस बारीक केला आणि पदराला हात पुसत गेली.

दारात एक वयस्कर बाई उभ्या होत्या. केस बारीक कापलेले, खांद्याला कापडी पिशवी, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. जिना नसूनही त्यांना धाप लागली होती.

"वाचा-उपचाराच्या सरकारी कॉलेजातून आलेय," त्या म्हणाल्या. "आपलं फोनवर बोलणं झालं होतं ना? मुलीचे वडील परगावी असतात म्हणालात. मग आमच्यातलं कुणीतरी घर बघून जातं, तशी रीत आहे. माझी बहीण इथेच राहते, तिच्याकडे आले होते. म्हटलं सकाळी सकाळीच उरकून टाकावं. आत येऊ का? गुडघे थांबू देत नाहीत."

माऊच्या आईने दार अर्धंच उघडं धरून ठेवलं.

झालं होतं असं. माऊला बारावीनंतर हीच विद्या शिकायची होती. ज्या मुलांना बोलायला उशीर होतो, ज्या म्हाताऱ्यांचे शब्द झटका येऊन गेल्यावर हरवतात, ज्यांची जीभ अडते, त्यांना बोलतं करायची. हेच का, असं घरात कुणी विचारलं नाही. कुणाला सांगायची गरजही नव्हती. महिनाभर पोर फोनमध्ये डोकं घालून कॉलेजं शोधत होती. बसच्या शेवटच्या थांब्याजवळ एक खाजगी कॉलेज होतं, काचेच्या दारांचं, आत गारेगार. त्यांच्या माणसाने खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि मग फीचा आकडा सांगितला. खुर्ची आधी का दिली ते माऊच्या आईला तेव्हा कळलं. दुसरं होतं एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. सहा महिन्यांत सर्टिफिकेट, फी परवडेल अशी. मामा म्हणाला, हेच घ्या. पण माऊने खोदून खोदून चौकशी केली. या विद्येच्या सरकारी परिषदेची मान्यता नसलेलं सर्टिफिकेट घेऊन कुठल्याही दवाखान्यात उभं करत नाहीत. "मामा, ते भिंतीला शोभेल, पोटाला नाही," ती म्हणाली. मामा गप्प बसला. तसा तो सहसा बसत नाही.

आणि तिसरं हे सरकारी. रात्रभराच्या प्रवासाच्या अंतरावर, पण मान्यता असलेली पुरी पदवी, वसतिगृह, फी नावापुरती. घरची कमाई बेताची असेल तर तीही माफ. शेवटच्या वर्षी दवाखान्यात काम करताना हातखर्चाला थोडे पैसे. माऊने अर्ज केला तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता की आईला तिच्याकडे बघवेना.

मग माऊ घरात नसताना फोन आला. मार्क चांगले आहेत, भेटीला या. फी माफीसाठी एकच अट. कागदावर गरीब सगळेच होतात, म्हणून घरातल्या कमावत्या माणसाने स्वतः येऊन तिघांसमोर बसायचं आणि आपलं काम, आपलं घर, आपल्या तोंडाने सांगायचं. "फार काही नाही हो, चार गोष्टी बोलायच्या," फोनवरची बाई म्हणाली.

माऊच्या आईच्या डोळ्यांसमोर ते सगळं उभं राहिलं. मोठं टेबल. पलीकडे तीन शिकलेली माणसं. अलीकडे डोळे मिटून, ओठ थरथरवत बसलेले हे. कुणीतरी घड्याळ बघतंय. आणि शेजारी माऊ. तिने एका दमात सांगून टाकलं, "ते इथे नसतात. परगावी असतात कामाला. कधी येतील, सांगता येत नाही." माऊ आल्यावर तिला म्हणाली, "त्या सरकारीवाल्यांचं काही आलं नाही. आपण ते काचेचंच करू. मामा जामीन राहतोय." जिथे पैसे लागतात तिथे तोंड लागत नाही, हा तिचा हिशेब. कर्जाच्या कागदांवर सोफेवाल्यांनी सह्याही केल्या. सही करायला बोलावं लागत नाही. आता उद्या मामा पहिला हप्ता भरायला जाणार होता. सह्या झाल्या त्या रात्री माऊ नळ सोडून न्हाणीघरात बराच वेळ बसली होती. आईने तेही ऐकलं, आणि मनाला समजावलं, की मी माझ्या माणसाची झाकली मूठ राखतेय.

आणि आता ते कॉलेज पट्टे बांधलेल्या गुडघ्यांनी चालत घरात येत होतं.

"बसा," ती म्हणाली, पण बसायला जागा नव्हती. मॅडमनी उताण्या सोफ्याकडे पाहिलं, काथ्याच्या ढिगाकडे पाहिलं, आणि खाली मान घालून ठोकणाऱ्या माणसाकडे पाहिलं.

"आणि हे?"

चोराच्या मनात चांदणं. परगावी गेलेला माणूस डोळ्यांसमोर मांडी घालून बसलेला. तिला एका श्वासात काहीतरी सांगायचं होतं, आणि तिची जीभ तर कधीच अडत नव्हती.

"हे सोफेवाले. कामाला आलेत."

हातोडी ओठांशी आलेली होती, तिथेच थांबली. क्षणभरच. मग हातोडीने खिळा उचलला. ठक्. सोफेवाल्यांनी वर बघितलं नाही. उलट पाय आवरून घेतले, परक्या घरात कारागीर आवरून घेतो तसे, आणि मॅडमना जायला वाट करून दिली.

माऊची आई तिथे थांबली असती तरी बरं. पण एकदा पाय घसरला की माणूस पायरीवर थांबत नाही, थेट खाली जातो. तिने आतून स्टूल आणलं आणि त्यांना म्हणाली, "अहो, ते तुमचं सामान जरा कडेला घ्या हो." परक्या माणसाला म्हणावं तसंच. आवाजही तसाच निघाला. त्यांनी सामान कडेला घेतलं.

मॅडम स्टुलावर टेकल्या. पिशवीतून कागद काढला, चष्मा चढवला.

"सोफा छान आहे," त्या म्हणाल्या. "सागवानी दिसतोय. नवं कापड घालून घेताय?"

"हो. म्हणजे, घालतोय."

"घरी कारागीर बोलावून?" मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं.

आता तिच्या डोक्यात उजेड पडला. फी परवडत नाही म्हणणारं घर, आणि त्यात सागवानी सोफा, वर मजुरी देऊन आणलेला कारागीर. "आमचा नाही तो," ती घाईने म्हणाली. "माझ्या भावाचा आहे. त्याच्याकडे जागा नाही म्हणून इथे."

"तुमच्याकडे जागा आहे होय?" मॅडमनी खोलीवरून एकदा नजर फिरवली. हसल्या नाहीत, पण हसू आवरलेलं दिसलं. "बरं. भाऊ काय करतात?"

त्याचं उत्तर द्यायच्या आत साहेब बाजूला झाले. ओल्या केसांना पंचा गुंडाळलेली माऊ पुढे आली.

"बाबा, तुमची मोठी कात्री घेऊ का? केसांची टोकं..." आणि परकी बाई बघून थांबली.

ठोकाठोक थांबली.

"हे तुझे बाबा?" मॅडमनी विचारलं.

"हो," माऊ म्हणाली. इतकं साधं काय विचारतायत, असा तिचा चेहरा.

"मी कॉलेजातून आलेय. तुझी आई फोनवर म्हणाली की ते परगावी असतात."

"कुठला फोन?"

आईने जमिनीकडे बघितलं. काथ्याचा एक धागा फरशीच्या भेगेत अडकला होता, तो तिला फार स्पष्ट दिसला. माऊ ओरडेल असं तिला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आई, फोन आला होता?"

"आला होता."

"आणि आत्ता तू यांना काय सांगितलंस? बाबा कोण आहेत म्हणून सांगितलंस?"

आयुष्यात पहिल्यांदा तिचा शब्द दाराशी येऊन अडला, आणि मदतीला कुणी धावलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात, ते तिने आजवर नुसतं ऐकलं होतं.

सोफेवाल्यांनी हातोडी खाली ठेवली. पत्र्याचा डबा ओढला आणि गालातले खिळे एकेक करून त्यात टाकले. टण, टण. परक्या माणसासमोर त्यांनी कधी तोंड रिकामं केलेलं तिला आठवेना. मग गुडघ्यांवर हात ठेवून ते मॅडमकडे वळले.

"मी..." ते म्हणाले. पुढचा शब्द अडला. मान ताठ झाली.

"हे म्हणतायत की मीच..." ती बोलून गेली. बोलल्यावर तिला कळलं की आपण बोललो. जीभ उचलली नि टाळ्याला लावली, इतकं ते सवयीचं होतं.

मॅडमनी तिच्याकडे न बघता एक हात किंचित वर केला. "थांबा, बाई." आवाजात राग नव्हता. "मी यांच्याशी बोलतेय." मग त्यांनी कागद मांडीवर सरळ केला. "सावकाश होऊ द्या. मुलीचं पूर्ण नाव काय लिहू?"

नाव. दुसरं काही विचारलं असतं तर.

सोफेवाल्यांनी डोळे मिटले. पहिलं अक्षर आलं, परत गेलं. परत आलं. कपाळावर शीर उभी राहिली. ओठांचा कोपरा ओढला गेला. त्या खोलीत एरवी ऐकू न येणारे आवाज ऐकू येऊ लागले, मागच्या नळाचं ठिबकणं, गल्लीतून कुणाच्या तरी सायकलची कडकड. कुणी एवढा वेळ वाट बघत नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही, आणि सगळ्यांच्या आधी ती नाही. तिच्या तोंडात ते नाव तयार होतं, चारही अक्षरं, स्वच्छ. ते बाहेर पडलं.

ती नाव बोलून गेली.

मॅडमनी लिहिलं नाही. पेन कागदाच्या वर तसंच धरून त्या सोफेवाल्यांकडे बघत राहिल्या, जसं काही ऐकूच आलं नव्हतं. माऊ आईशेजारी खाली बसली आणि तिने आईच्या मनगटावर हात ठेवला. मायेने नाही. धरून ठेवायला.

मागच्या खोलीतून दूध उतू गेल्याचा वास आला, मग करपल्याचा. कुणी उठलं नाही.

आणि मग ते नाव आलं. पहिलं अक्षर तीन-चारदा फुटून आलं, दुसरं त्याच्यामागे ओढत आलं, शेवटची दोन एकदम सुटून बाहेर पडली. वाकडंतिकडं, घामेजलेलं, पण पूर्ण. माऊने आपलं नाव शाळेत ऐकलं होतं, बाईंकडून ऐकलं होतं, हजेरीत ऐकलं होतं. वडिलांच्या आवाजात पहिल्यांदाच ऐकलं. तिने पंच्याचं टोक तोंडाशी धरलं.

मॅडमनी लिहून घेतलं. "आणि सोफा कुणाचा?"

"गि... गिऱ्हाइकाचा. मी... करून देतो." थोडं थांबून, दम घेऊन ते पुढे म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, "ती ख... खरंच बोलली. मी सोफेवाला. कामालाच... बसलोय."

मॅडम या वेळी हसल्या. माऊही हसली, डोळे पुसत. माऊच्या आईला हसू आलं नाही. नवऱ्याने तिला सगळ्यांसमोर सावरून घेतलं होतं, आणि त्या सावरण्यानेच तिला कुठे तोंड लपवू असं झालं.

मग मॅडमनी कामाबद्दल विचारलं. महिन्याला किती कामं येतात, किती सुटतात, पावसाळी हवेत फोमचा गोंद सुकत नाही तेव्हा काय करता. प्रत्येक उत्तराला वेळ लागला. मॅडमनी प्रत्येक वेळी पेन वर धरून वाट बघितली. आई दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती, दातदुखी झालेल्या माणसासारखी.

उठताना मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. "मी जे बघितलं ते लिहीन. फोनवर तुम्ही जे सांगितलंत तेही लिहावं लागेल, ते मी लपवणार नाही. का सांगितलंत ते मला कळतं. पण निर्णय माझ्या एकटीचा नाही, तिघांचा असतो." मग त्या सोफेवाल्यांकडे वळल्या. "गुरुवारी मुलीला घेऊन या. माझ्याबरोबर बाकीचे दोघे असतील. आत्ता बोललात तसंच बोला. वेळ कितीही लागू दे, आमच्याकडे वेळ असतो. तोच आमचा धंदा आहे."

दारापर्यंत सोफेवालेच पोचवायला गेले.

त्या गेल्यावर माऊ आत जाऊन करपलेलं भांडं घासायला बसली. आई म्हणाली, "दे, मी घासते." माऊने दिलं नाही. काथ्याचा बोळा करून ती एकाच जागी घासत राहिली.

"मामाला सांग, पैसे भरू नकोस म्हणावं," ती शेवटी म्हणाली. "गुरुवारपर्यंत तरी."

"सांगते."

"बाबांना किती वाईट वाटलं असेल."

"मी त्यांच्यासाठीच..." आई म्हणाली आणि थांबली. ते वाक्य तिचं तिलाच पुरं करता येईना. त्यांच्यासाठी? त्या टेबलाचं तिने मनात जे चित्र बघितलं होतं, त्यात ते होते खरे. पण लाजेने मान खाली गेली होती ती कुणाची? त्यांची नव्हती. ते तर आज परक्या बाईसमोर मान वर करून बसले होते. लाज तिची होती. इतकी वर्षं तिने ती त्यांच्या नावावर जमा केली होती.

माऊ भांड्यात बघत म्हणाली, "तू एकटीच नाहीस. ते नाव सांगत होते ना, तेव्हा माझेही ओठ हलत होते. मी दाबून धरले म्हणून. आणि मला हेच शिकायचंय म्हणे." तिने भांडं पालथं घातलं. तळाचा काळा डाग गेला नव्हता.

दुपार अशीच गेली. पलीकडे ठोकाठोक चालू झाली ती नेहमीच्याच लयीत. माऊच्या आईने मामाला फोन केला. काय झालं ते सांगताना 'हे सोफेवाले, कामाला आलेत' हे वाक्य तिला सांगता आलं नाही, तेवढं गाळून बाकीचं सांगितलं. मामा म्हणाला, "दाजी बोलणार? मग कॉलेजचं पहिलं वर्ष तिथेच संपेल." हा त्याचा जुना विनोद, दर वेळी वेगळ्या कपड्यांत येणारा. आजवर ती हसत आली होती, दाजींसमोरसुद्धा. आज तिने फोन ठेवून दिला.

उन्हं उतरली तेव्हा ती चहा घेऊन पुढच्या खोलीत गेली. सोफा आता सरळ उभा होता, पाठीला नवं कापड चढलेलं. ती त्याच्या कडेला जमिनीवर बसली. गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर घरचं कुणी बसत नसे.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की असू दे म्हणून, ते तिला कळलं नाही, आणि ही गोष्ट नवीन होती. आजवर तिला नेहमी कळायचं. की वाटायचं.

गप्प बसवेना म्हणून ती बोलत सुटली. गुरुवारचं ठरवायला पाहिजे. आदल्या रात्रीच निघू. तो निळा शर्ट इस्त्री करते. आणि आत गेल्यावर मी तुमच्या शेजारी बसते, काही बोलणार नाही, अगदी गप्प, पण कुठे अडलंच तर नुसता पाय लावा माझ्या पायाला, म्हणजे मी तेवढाच शब्द...

ते डब्यात खिळे टाकत होते. टण. टण. टण. शेवटचा खिळा पडला तशी ती बोलायची थांबली.

चहा तसाच राहिला. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि बोलायला तोंड उघडलं. पहिलं अक्षर अडलं. तिच्या डोक्यात एकापाठोपाठ एक वाक्यं आली, पाणी हवंय का, शर्ट निळा नको का, रागावलात का, सगळी तयार, सगळी जिभेवर. तिने जीभ दातांत धरली. ती दुखेपर्यंत धरली. चहावर साय धरायला लागली. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, आणि तिने बघितलं की त्यांचे डोळे या वेळी मिटलेले नाहीत.

"त... तू," ते म्हणाले, "गुरुवारी तू ब... ब... बाहेर बस."